चार सूर खाली

वादक : लिहून ठेव. पोस्ट-बॉप जॅझमधलं एक पर्व आज संपलं. हॉटेलात नाचणाऱ्यांसाठी वाजवण्यापासून स्वतःच्या आठ जणांच्या बँडपर्यंत पोचलेला हा ट्रम्पेट आता कायमचा पेटीत.

बायको : पेटीत तुमचे मफलर आहेत. ते आधी काढा. आणि पर्व मार्चमध्येही संपलं होतं.

वादक : तेव्हा रागाने संपलं होतं. आज कवळीने संपवलंय. शेवटचा तुकडा सकाळी कागद न बघता, पाठ होता तसा वाजवून पाहिला. वरच्या सुरांत गेलो की ट्रम्पेट राहतो बाजूला, कवळीच शीळ घालते.

बायको : आणि शनिवारी? तुमच्या पंचाहत्तरीचा कार्यक्रम आहे.

वादक : सुरांची मांडणी माझी आहे, बँडसमोर उभा राहून हात हलवीन. तुकडा सॅक्सोफोनवाला वाजवेल.

बायको : तो एकदा सुरू झाला की थांबत नाही. लोकांची शेवटची बस चुकेल.

वादक : मग मी काय शीळ घालू?

बायको : काल तालमीत घातलीत का?

वादक : काल कसं कोण जाणे, जमून गेलं.

बायको : काल समोर मी नेहमीसारखा तुमच्या वहीतून उतरवलेला सुरांचा कागद होता. हा घ्या. चष्मा लावून बघा.

वादक : अगं, हे मी असं लिहिलं नव्हतं. सगळं खाली आलंय.

बायको : चार सूर.

वादक : मला न विचारता?

बायको : विचारलं असतं तर पर्व कालच संपलं असतं.

वादक : आणि बाकीचे सात?

बायको : त्यांचेही कागद खाली आणले. तीन दुपारी गेल्या.

वादक : माझ्या कानाला कळलं कसं नाही?

बायको : कानाचं सगळं लक्ष कवळीकडे होतं. पियानोवाल्याला कळलं. म्हणाला, साहेबांनी उतारवयात गंभीर वळण घेतलंय.

वादक : नक्कल करणाऱ्याने नक्कल करावी. सुधारणा करू नये.

बायको : पहिल्या तबकडीबद्दल काय छापून आलं होतं, आठवतं?

वादक : 'दोन मात्रांच्या शांततेत अख्खं शतक थांबलं आहे.' अगदी खरं आहे ते.

बायको : तो कागद उतरवत होते, तेवढ्यात दूध उतू जायला लागलं. गॅस बंद करून परत आले, तर चुकून दोन मात्रा सोडून पुढचं लिहायला लागले.

वादक : मी त्या शांततेवर चाळीस वर्षं व्याख्यानं दिली.

बायको : पहिल्या रांगेत बसून ऐकली मी. छान बोलायचात, म्हणून गप्प राहिले.

वादक : आण तो ट्रम्पेट इकडे.

(तो कागद बघून तुकडा पूर्ण वाजवतो.)

वादक : शीळ?

बायको : नाही. तुमचाच आवाज आहे. जरा जाड झालाय, तुमच्यासारखा.

वादक : बरा वाटतोय, नाही? वरच्या सुरांत नुसती घाई व्हायची. सॅक्सोफोनवाल्याला कळव, तुकडा मीच वाजवणार.

बायको : त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

वादक : आणि उभं राहून वाजवणार. नवा सूट, काळे बूट. लोकांनी बघत राहिलं पाहिजे.

बायको : बघतील की.

वादक : अगं, त्या बुटांची नाडी तेवढी तू बांधशील का? मला वाकवत नाही.