राजी असल्याचा कागद

थांबा, लीलाताई, पुन्हा एकदा सांगा — राजीनामा म्हणजे संमती? नुसती संमती? 'माझ्या बायकोनं तुमच्या ट्रेनिंग शाळेत शिकायला माझी हरकत नाही', एवढं लिहून खाली नवऱ्याची सही — बस? एवढंच मागत होते तुमचे मुन्शीजी? हसा, हसा, तुम्हाला हसू येणारच. अहो, मी साताऱ्याची! आमच्याकडे राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. तेव्हा लग्न होऊन इथे येऊन मला सहा महिने झालेले, हिंदी यायचं ते भाजीवालीपुरतं. सातवीचा दाखला घेऊन तुमच्या शाळेत आले, तर मुन्शीजींनी तो उलटसुलट करून पाहिला, ठेवून घेतला न् म्हणाले, 'सातारे की सातवीं यहाँ चल जाएगी, मगर तीन साल के अंदर दाखिल होना पड़ेगा — और पति का राजीनामा लाइए.' मी मास्तरीण व्हायचं तर यांनी नोकरी सोडायची? पण म्हटलं, संस्थानातला कायदा, असेल बाई इथे तसा!

घरी आले, भीत भीत यांना सांगितलं. हे जेवत होते. हातातला घास ताटात ठेवला — 'माझा राजीनामा मागतेस? अदालतीतली नोकरी घालवतेस माझी?' — आणि उठलेच पानावरून. लीलाताई, मी पाय धरले यांचे. पुन्हा शाळेचं नाव काढणार नाही म्हटलं. आणि यांनी मला माफ केलं! माफ केलं हो — पाठीवरून हात फिरवून, 'जाऊ दे, तुला कळलं नाही' म्हणून.

यांना कळत नव्हतं? हे अदालतीत मुहर्रिर, कागद लिहिणारे कारकून! दोन भांडणाऱ्यांत तडजोड झाली की दोघं राजी असल्याचा राजीनामा लिहितं कोण? हेच. परवासुद्धा म्हणत होते, आज चार राजीनामे झाले. मला वाटलं, चौघांच्या नोकऱ्या गेल्या. हळहळले मी, लीलाताई — त्यांच्या बायकापोरांसाठी! आणि हे आपले वरणभात कालवत होते.

छे, हात नाही उगारला कधी. आमच्या लेकीला, दुर्गीला कांजिण्या आल्या तेव्हा रजा काढून उशाशी बसले. मग का, म्हणता? का ते — माझी आई बाविसाव्या वर्षी विधवा झाली, लोकांकडे पोळ्या लाटून तिनं मला सातवी केलं. म्हणून माझ्या जिवाला सारखी धास्ती. हे नुसते खोकले तरी माझं काळीज लकलकतं. एकदा मी यांना बोलून गेले, 'तुम्हाला काही झालं तर माझ्या हाताशी काही असावं.' तेव्हा हे पाठ फिरवून निजले होते. त्यांना वाटलं असेल का, हिच्या हाताशी काही आलं तर ही राहील कशाला? राहिले असते हो मी! — आता विचाराल तर — जाऊ दे. हे कशाला सांगतेय मी तुम्हाला?

तुम्ही बऱ्या, जुने कागद आवरताना माझा दाखला सापडला म्हणून दौलतगंजात घर शोधत आलात. पण तीन वर्षं गेल्या महिन्यात संपली, नाही का? म्हणजे सातवी गेली. आता हिंदी चौथीपासून सुरुवात — दुर्गी पाटी धरेल तेव्हा तिच्याच शेजारी बसते मग. मोठ्या बाईंकडे अर्ज? खास बाब म्हणून? आणि त्यालाही यांचा राजीनामा लागेलच ना? — लागेल. मला वाटलंच.

नको, तुम्ही नका बोलू त्यांच्याशी. — जिन्यात वाजतायत त्यांच्याच वहाणा. उठा. छे, मागच्या दारानं कशाला? पुढूनच जा, त्यांच्या समोरून. तो दाखला ठेवा इथे, त्यांच्या पाटावर. जा तुम्ही.