हर्क्युलिसची दाढी

...आणि दाढी सफाचट केल्यावर बाईसाहेब म्हणतात, "अरे, दाढीवाला फोटो हललाय!" आता चिकटवू का? तुम्हाला सांगतो, कॉलेजपासून जपलेली दाढी हो! पण आपलं काय, उभं राहायचं.

बाईसाहेब म्हणजे आमची बायको, निशिगंधा. इथं परदेशात युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक. विषय काय, तर ग्रीकांच्या त्या हर्क्युलिसचं रूप काळागणिक कसं बदलत गेलं! इथं राहायचा परवाना, म्हणजे नोकरीचा पास, तिचा, मी तिचा डिपेंडंट, मग तिच्या भाषणातल्या फोटोंसाठी फुकटचा मॉडेल कोण? कोल्हापुरात मला 'पैलवान' म्हणायचे हो! म्हटलं, चला, इथंही कुणीतरी वीर म्हणून बघेल... निदान आमची लेक ऋग्वेदा तरी!

पहिला हर्क्युलिस दाढीवाला. सिंहाचं कातडं म्हणून लेकीचं पट्ट्यापट्ट्यांचं ब्लँकेट, गदा म्हणून बॅट, आणि विषुववृत्ताजवळच्या या ईस्ट कोस्टच्या उकाड्यात बाल्कनीत मी! समोरच्या आंटी कपडे वाळत घालायच्या थांबल्या. पुढे म्हणे तो कोवळा झाला, बिनदाढीचा. गेली दाढी! मग नाटकवाल्यांनी त्याला खादाड केला... तिथं मात्र मला काही तयारी लागली नाही. मग एका राणीकडे नोकर! कातडं राणीच्या अंगावर आणि हा खाली सूत काततोय. म्हटलं, "हे तर रोजचंच, याचा फोटो कशाला?" "हलू नकोस!" आपलं काय, इथं बसायचं.

"आणि शेवटी?" मी विचारलं. शेवटी तरी मान असेल ना हो?

"शेवटी पूर्वेकडे आला. गांधारात बुद्धाचा अंगरक्षक झाला. पुढे देवळांच्या दारांवर जे धिप्पाड रक्षक दिसतात ना, त्यांच्यातही अभ्यासकांना तोच दिसतो."

म्हणजे बघा! सिंह मारणारा माणूस, एवढा प्रवास करून वॉचमन!

भाषणाच्या दिवशी हॉलचं दार सारखं आपटायला लागलं. निशिगंधानं नुसतं बघितलं माझ्याकडे. गेलो, दार धरलं. पडद्यावर मी, हललेल्या दाढीत... मी, सूत काततोय... टाळ्या! आणि बाहेर जाताना लोकांपैकी एकानंही मला ओळखलं नाही. वाईट वाटलं हो, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात ऋग्वेदा इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत मैत्रिणीला म्हणाली, "हर्क्युलिस इज माय पपा, लाह!"

"विच वन?"

"द लास्ट वन. दॅट वन, अ‍ॅट द डोअर!"

मी छाती पुढे काढली. हात सुटला, दार धाडकन आपटलं. परत धरलं... आपलं काय, उभं राहायचं!