फ्रान्सचं धोपाटणं

लंडनमधल्या इल्फर्डच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आपल्याखेरीज कुणाला मराठी कळत नाही, अशी समोरच्या नवरा-बायकोची खात्री होती. हदासाबाईंनाही ती मोडायची घाई नव्हती. त्यांनी मासिक तोंडासमोर धरलं.

“दोनशे वस्तीचं शेतकऱ्यांचं गाव, पण धुण्याचा घाट कसा जपलाय! फ्रेंचांकडून शिकावं. याला म्हणतात हेरिटेज.”

“हो ना. चाळीस मिनिटं बघत होतात. घरातलं वॉशिंग मशीन कधी चार मिनिटं बघितलं नाहीत.”

“तुला कशाचं कौतुकच नाही, सुप्रभा.”

“आहे की! घाटावरच्या म्युझियममधल्या त्या आजीबाईंना कपडे कसे बडवायचे ते तुम्ही शिकवलंत. अख्खा जन्म गेला त्यांचा त्या घाटावर, पण तुमच्यावाचून अडलं होतं.”

“त्यांनी विचारलं, तुमच्याकडे धोपाटणं असतं का. मी हातात घेऊन दाखवलं. काय बिघडलं?”

“काही नाही.”

“शनिवारी मंडळात त्याच गावावर माझं भाषण आहे. निमंत्रणावर माझा तो धोपाटणं धरलेला फोटो टाकलाय. सगळ्यांना गेलासुद्धा.”

“बघितला. छान आलाय.”

“मग हसतेस काय?”

“धोपाटणं उलटं धरलंय तुम्ही. मूठ वर, फळी हातात.”

“अगं, मग तेव्हाच सांगायचंस ना!”

“आजीबाई सांगणारच होत्या. माझ्याकडे बघितलं त्यांनी. मीच मान हलवून म्हटलं, राहू द्या.”