नव्याण्णव पायऱ्यांखालच्या चपला

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा. आपल्या माणसाची सगळी सोय केली, म्हणजे त्याला सोबत केली असं होतं का?

माना डोलावू नका एवढ्यात! डोलावायला काय लागतं! मी आज आख्यान लावलंय ते पुराणातलं नाही. आपल्याच गावातून थेट युरोपात गेलेलं आहे. म्हणजे काय, विमानाने!

तर ऐका. इस्लामपूरचे यशवंतराव निमकर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांच्या पत्नी कुमुदिनीकाकू. काकूंचे गुडघे दुखतात. काकांनी ठरवलं – हंगेरी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया! बारा दिवसांची सहल! आणि तयारी काय विचारता? मानेच्या उशा तीन! गरम पाण्याची पिशवी, विजेची किटली, गुडघ्यांचे पट्टे, मऊ तळव्याच्या नव्या चपला, मेतकुटाचा डबा! माणूस असावा तर असा, हो की नाही?

थांबा! पुढे ऐका.

बुडापेस्टला गरम पाण्याची कुंडं आहेत. सगळी मंडळी पाण्यात उतरली. काका म्हणाले, "तू इथं सावलीत बस. ही उशी घे. बॅगांवर लक्ष ठेव." काकू बसल्या. व्हिएन्नाला राजवाडा. "आत फार चालायचंय गं. तू बस. मी फोटो आणतो." काकू बसल्या. अहो मंडळी, लोक युरोपात जाऊन राजवाडे बघतात. आमच्या काकूंनी तीन देशांतली बाकडी बघितली!

हसताय? हसा. पण काकू हसत नव्हत्या. स्लोव्हेनियातल्या हॉटेलात सकाळी त्यांनी विचारलं, "अहो, मी आलेच नसते तर चाललं असतं का हो तुम्हाला?"

आणि काका काय म्हणाले? "किटली बॅगेत टाकलीस का?"

आता चला तिथल्याच ब्लेड गावच्या तळ्यावर. निळंशार पाणी, मधोमध बेट, बेटावर चर्च. लाकडी नावेतून जायचं. सदानंदकाका, तबल्यावर एक थाप द्या – नाव सुटली! वल्ही मारणारा यानेझ, पिकल्या मिशांचा, मोडक्या इंग्रजीत सांगतोय, "वर नव्याण्णव पायऱ्या. आमच्याकडं नवरा नवरीला उचलून चढतो!" सगळे हसले. काकूंनी काकांकडं बघितलं. काकांनी कॅमेऱ्याकडं बघितलं!

नाव पायऱ्यांशी लागली. आणि काका? तेच! "नव्याण्णव आहेत, तुला जमणार नाही. इथं बाकावर बस. मी बेटाला चक्कर मारून फोटो काढतो."

गेले. पाऊण तासानं परत आले. बघतात तर बाक रिकामं!

"कुमुद?" इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आणि मग दिसल्या – चपला! सर्वांत खालच्या पायरीवर, पाण्याच्या अगदी काठाला. शेजारी-शेजारी, नीट लावून ठेवलेल्या. तोंडं पाण्याकडं! आणि त्यांवर मानेची उशी.

मंडळी, तो माणूस पाण्यावर वाकला. पाणी किती शांत होतं! एक लाट नाही, एक बुडबुडा नाही. आणि कानात एकच वाक्य – मी आलेच नसते तर चाललं असतं का हो तुम्हाला?

"कुमुद! अगं कुमुद!" काका गुडघाभर पाण्यात! पँट भिजली, कॅमेरा भिजला! यानेझने चपला बघितल्या, कोट काढला, बूट भिरकावले, उडी मारणार एवढ्यात –

"अहो! ओरडताय काय असे? लोक बघतायत!"

वरून! मंडळी, वरून आवाज! नव्याण्णवाव्या पायरीवर कुमुदिनीकाकू! पदर खोचलेला, पाय अनवाणी!

यानेझ मटकन खाली बसला आणि स्वतःच्याच छातीवर हात ठेवून हसायला लागला. आणि काका? धावले! निथळत धावले! एकसष्टाव्या पायरीवर धाप लागली, तरी थांबले नाहीत.

"चपला... चपला का काढल्यास?"

"घ्या! देवाच्या पायऱ्या चपला घालून चढतात होय? आणि उतरल्यावर घालायला बऱ्या म्हणून फिरवून ठेवल्या."

अहो, तुम्ही-आम्ही सगळे हेच करतो की नाही? देवळासमोर चपला काढायच्या, फिरवून ठेवायच्या. पण त्या तळ्याकाठी त्याचा अर्थ काय होतो, हे त्या माउलीच्या मनातही आलं नाही!

"आणि गुडघे?"

"दुखले की. नव्याण्णव वेळा दुखले. दर पायरीला बसले, उठले. पण आले."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही 'बस' म्हणाला असतात."

काकूंनी निरखून बघितलं. "रडताय?"

"पाणी आहे. तळ्याचं."

"डोळ्यापर्यंत गेला होतात होय तळ्यात?"

आता हसा! मोकळेपणानं हसा, कारण बाई सुखरूप आहे! आत चर्चमध्ये घंटेचा दोर होता. ओढला की इच्छा पुरी होते, अशी तिथली श्रद्धा. काकू म्हणाल्या, "मघाशी ओढून बघितला. एकटीला हलत नाही." मग दोघांनी मिळून ओढला. वाजली! तळ्यावर घुमली!

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "जरा बस."

"पुन्हा?"

"नाही गं. मी पण बसतो."

बसले. ओल्या पँटीनं, दगडी पायरीवर, ना उशी, ना किटली. यानेझची नाव दोनदा निघून गेली, पण यांना घाई नव्हती.

मंडळी, उत्तर मिळालं? की अजून नाही? बरं. ते पुढच्या रांगेतले निळ्या सदऱ्याचे काका! हो, तुम्हीच! पंख्याखालची जागा छान धरलीत. काकू कुठायत? मागे, खांबाला टेकून? त्यांना पाठ टेकायला सोय व्हावी म्हणून? विचारलं होतंत का त्यांना?

नाही ना! मग उठा, घेऊन या. नाहीतर तुम्ही मागं जा. आणि बाकीचे हसू नका, आपापली माणसं शोधा! मी थांबते. गजर थांबेल, देवही थांबेल.

हां... या काकू, या. सरका हो जरा, दोघांना जागा द्या.

बसलात? शेजारी-शेजारी? आता वाजवा टाळ!