सुतळीच्या मापाने

दुकानदार : काका, पंधरा वर्षं कॉम्प्युटर विकतोय. लोक स्वस्त मागतात, हलका मागतात, आत रंगीत दिवे लागणारा मागतात. 'जड दाखवा' म्हणणारे तुम्ही पहिलेच.

वडील : जड वस्तू टिकते.

मुलगी : आणि कुणाला उचलून नेता येत नाही.

वडील : तू मधे बोलू नकोस. अहो, तीस वर्षं वजनमाप निरीक्षक होतो मी. हातात घेतलं की कळतं. हा डबा आतून पोकळ आहे.

दुकानदार : कॅबिनेट पोकळच असतं, काका. आतला एकेक भाग आपण निवडून बसवायचा. ताई, काम काय करणार यावर?

वडील : पुलांची चित्रं काढते.

मुलगी : आराखडे.

दुकानदार : मग प्रोसेसर दणकट हवा, रॅम बत्तीस जीबी, ग्राफिक्स कार्ड वेगळं. मदरबोर्ड तो वरच्या फळीवरचा, निळ्या खोक्यातला. तो हे सगळं पेलेल. पण खरं सांगू? तुमच्या कामाला लॅपटॉप बरा. साइटवर जाऊन पूल बघावा लागत असेल ना?

वडील : चित्र काढायला पूल कशाला बघायला हवा? आणि लॅपटॉपचं नाव काढू नका. बगलेत मारला की माणूस निघाला.

दुकानदार : बरं, राहिलं. ठेवणार कुठे? हे मी सगळ्यांना विचारतो. टेबल कुठे ते कळलं की निम्मी खरेदी झाली.

वडील : विचाराल म्हणून मापच घेऊन आलोय. ही सुतळी. ही पहिली गाठ म्हणजे माझी खाट. ही दुसरी, हिचं टेबल. आणि ही तिसरी, भिंतीतलं इंटरनेटचं भोक. वायर एवढीच हवी.

दुकानदार : वायफाय आहे की आता. वायर लागतच नाही.

वडील : मला लागते.

मुलगी : स्क्रीन कुठल्या बाजूला तोंड करून असेल तेही सांगा ना त्यांना.

वडील : खाटेकडे. उजेड चांगला पडतो.

मुलगी : खिडकी दुसऱ्या टोकाला आहे, बाबा.

दुकानदार : नोकरी नवीन का, ताई?

मुलगी : पहिलीच. कंपनी दुसऱ्या शहरात आहे. सोमवारपर्यंत घरी स्वतःचं मशीन असेल तर घरून काम करा म्हणतात. नसेल तर तिथे हजर व्हायचं.

दुकानदार : अशी सवलत सहसा देत नाहीत कुणी.

वडील : देतात. मी त्यांच्या साहेबांना फोन केला होता.

मुलगी : माझ्या फोनवरून. मी अंघोळीला गेले होते तेव्हा.

वडील : भला माणूस निघाला. लगेच कबूल झाला.

मुलगी : एकवीस मिनिटांनी.

दुकानदार : काका, लाइट गेल्यावर लागणारे यूपीएस मागच्या खोलीत ठेवलेत. ते मात्र खरोखर जड असतात. बघा उचलून, तुमचं समाधान होईल.

(वडील सुतळी काउंटरवर ठेवून मागच्या खोलीत जातात.)

दुकानदार : ताई, पटकन बोलतो. मदरबोर्ड संपलाय म्हणून सांगू? नवा यायला पंधरा दिवस. तोवर सोमवार उलटून जाईल.

मुलगी : तुमचं गिऱ्हाईक जाईल, दादा.

दुकानदार : मला पोटापुरतं आहे. तुम्हाला जायचंय ना?

मुलगी : बॅग भरलेली आहे. पलंगाखाली. त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आम्ही दोघं केर काढताना ती सरकवतो.

दुकानदार : मग?

मुलगी : गेल्या वर्षी मी परीक्षेला बाहेरगावी होते. ते सकाळी न्हाणीघरात पडले. शेजाऱ्यांनी दार तोडलं ते संध्याकाळी. आई नाही. मी भाजी आणायला गेले तरी आता दारात उभे असतात.

वडील : (यूपीएस उचलून बाहेर येत) अहो, हा चांगला आहे! सात किलो शंभर ग्रॅम. खोक्यावर सात छापलंय, पण माझा हात चुकत नाही. चला, बांधा सगळं.

दुकानदार : काका, एक घोटाळा झालाय. मदरबोर्ड संपलाय. पंधरा दिवस तरी लागतील.

वडील : दुसऱ्या दुकानात?

दुकानदार : याच जातीचा हवा ना. गावात कुणाकडेच नाही.

वडील : पंधरा दिवस. म्हणजे सोमवार...

दुकानदार : सोमवार गेला, काका.

वडील : बरं.

मुलगी : बाबा, बसा तुम्ही. या स्टुलावर.

वडील : बसलोय. तिथे... राहायला जागा देतात का ते? न्हाणीघराला आतून कडी असली तर लावू नकोस. नुसतं लोटून घे.

मुलगी : दादा.

दुकानदार : बोला, ताई.

मुलगी : वरच्या फळीवर निळा खोका आहे. मघाशी तुम्हीच दाखवलात.

दुकानदार : तो... तो दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलाय.

मुलगी : कुणासाठी?

दुकानदार : ताई, नीट विचार करा.

मुलगी : काढा खाली.

वडील : होता? मग नाही कशाला म्हणालात? विसरभोळे आहात अगदी!

दुकानदार : हो, काका. वय झालं माझंही.

वडील : मग जोडायला घ्या. आज संध्याकाळी घरी लागला पाहिजे. आणि वायर ही सुतळी धरून कापा, गाठीला गाठ लावून. साडेतीन मीटर भरेल.

मुलगी : दहा मीटर द्या, दादा.

वडील : दहा? अगं, पार खिडकीपर्यंत जाईल. उरलेल्या वायरचं करायचं काय?

मुलगी : काही नाही, बाबा. उरू दे.