मंगळवारचा एक तास

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, या कुटुंब समुपदेशन केंद्रातले सगळे सहकारी, आणि समोर बसलेल्या, कधी ना कधी इथे येऊन भांडून-रडून गेलेल्या तमाम कुटुंबांनो, तुम्हा सर्वांना नमस्कार. आजच्या उत्सवमूर्ती, आमच्या बाई, यांना वेगळा नमस्कार, कारण त्यांना मगापासून इथून पळून जायचंय हे मला दिसतंय.

आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या विद्वत्तेबद्दल सांगितलं. त्या प्रांतात माझा अधिकार नाही. मी उभी आहे ती पेशंट म्हणून. सहावीत असताना माझं पोट दुखायचं. तपासण्या झाल्या, औषधं झाली, पोटात काही सापडेना. शेवटी डॉक्टरांनी इथे धाडलं. बाईंची पहिली अट अशी, की घरात राहणारे सगळे आले पाहिजेत. बाबा उखडले. पोट दुखतंय हिचं आणि तपासणार आम्हाला, हा कुठला न्याय, असं दारातच म्हणाले. पण आले. दर मंगळवारी संध्याकाळी आई, बाबा, दादा आणि मी, चौघंही त्या मागच्या खोलीत.

बाई मला पोटाबद्दल विचारायच्याच नाहीत. एकाबद्दलचा प्रश्न दुसऱ्याला, हा त्यांचा खाक्या. आई चिडली की आधी कोणाला कळतं, हे विचारायचं बाबांना. बाबा गप्प झाले की आई काय करते, हे दादाला. आमचा दादा म्हणजे तोंडाला कुलूप नाही. एका मंगळवारी बोलून गेला, "यांचं भांडण पेटलं की हिचं पोट दुखतं. मग दोघं भांडण सोडून हिच्या पोटाला गरम पाण्याची पिशवी धरून बसतात."

मला तर चोरी पकडल्यासारखं झालं. आणि खरं सांगते, मी चोरी केलीच नव्हती; दुखायचं ते अगदी खरं दुखायचं. मी नेहमी आईबाबांच्या मधे बसायचे. बाईंनी मला तिथून उठवून दादाशेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "यांच्यातलं यांना बोलू दे. तुझी राखण आजपासून बंद."

मग ते बोलू लागले. बोलत बोलत, शांतपणे, वेगळे झाले. लोकांना वाटतं, इथे आलं की संसार सांधून मिळतो. आमचा नीट उसवून मिळाला, कापड न फाडता. माझी पोटदुखी थांबली आणि त्याबरोबर मंगळवारही थांबले.

बरं झाल्याचं दुःख कधी झालंय का तुम्हाला? मला झालं. घरी आम्ही चौघं कधी तासभर एकत्र बसलोच नव्हतो. इथे बसायचो. बाबांना खोकला आला की आई न बघताच पाण्याचा ग्लास पुढे सरकवायची. दादाने काही आचरटपणा केला की चौघंही एकदम हसायचो. ते हसू मला पुन्हा कुठे मिळालं नाही. माझ्या लग्नाला बाबा सकाळी येऊन गेले, आई संध्याकाळी आली.

कॉलेजात असताना मी एकटीच बाईंकडे आले. म्हटलं, दुखत काही नाही, पण मला ते मंगळवार हवेत. बाई म्हणाल्या, "मग तसं सांग त्यांना. माणसं हवीशी वाटायला आजारी कशाला पडायचं?"

सोपं वाटतं ना? मला अर्धं आयुष्य लागलं. या समारंभाचं निमंत्रण आलं तेव्हा कुठे धीर केला आणि घरच्यांना फोन लावले. म्हटलं, तासभर या, एकत्र बसा. आई आणि बाबा, दोघांचाही पहिला प्रश्न एकच, "काय होतंय तुला?" काही होत नाही, तुम्हा सगळ्यांची एकत्र आठवण येते, एवढंच म्हटलं. आईने बघते म्हणून फोन ठेवला. बाबांनी तारीख तेवढी विचारून घेतली.

अध्यक्षमहोदय, वेळ झाल्याची खूण दिसली, आटपते. आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, त्यांची ऋणी आहे. बाईंचे आभार मानले तर त्या रागावतील, तरी मानते. घरातलं चारचौघांत मांडलं, काही उणंअधिक बोलले, ते सर्वांनी सांभाळून घ्यावं. विशेषतः तिसऱ्या रांगेत शेजारी शेजारी बसलेल्या तिघांनी. आई, बाबा, आज मला कुठेही दुखत नाहीये. तरी तुम्ही आलात.