काचेतली लाल गोटी

वाचतो हो डॉक्टर, वाचतो! पळून चाललाय का तुमचा तक्ता? तो खिळ्याला टांगलाय, मी खुर्चीत रुतलोय — दोघंही कुठं जात नाही. आधी एक ऐका, मला इथं कुणी धरून आणलेलं नाही, मी माझ्या पायानं आलोय, टेबलावर मूठ आपटून आलोय. काय? एक डोळा झाकू? हा झाकला. दुसरा? अहो, एका वेळी एकच झाकता येतो, नाहीतर तुम्ही पण दिसायचे बंद व्हाल — तसे कान छान आहेत तुमचे, अगदी ठसठशीत. नाकाचं मात्र सांगता येणार नाही. का म्हणजे? सहज म्हणालो! गंमत कळत नाही का डॉक्टरांना?

तर आमचा कारखाना औषधाचा. मोठ्या भांड्यात बुरशी वाढवायची, तिचा रस गाळायचा, औषध त्या रसात लपलेलं. ते काढायचं कसं? उकळलं तर मरतं. मग रसात सॉल्व्हंट, म्हणजे रसात न मिसळणारं एक हलकं द्रावण, ओतायचं आणि दोन्ही घुसळायचं — औषध रसाला सोडून सॉल्व्हंटकडे जातं, लेक सासरी जावी तसं, फक्त रडारड नाही. मग घुसळणं थांबवून वाट बघायची. सॉल्व्हंट वर, रस खाली, मधे एक रेघ. त्या रेघेवर सगळा खेळ! रेघ वर चढली तर रस औषधात घुसला, खाली उतरली तर औषध चाललं गटारात. टाकीला काचेची खिडकी आहे, आणि खिडकीपाशी मी. मिशा फुटल्या तेव्हा बसलो, आता मिशा पांढऱ्या झाल्या तरी बसलोय. काचेपाशी कोण, असं झाडूवालीला विचारा, ती माझंच टोपणनाव सांगेल — नाही, तुम्हाला नाही सांगणार, ते चारचौघांत बोलण्यासारखं नाही.

आता टाक्या गळायला लागल्या, नवं काय घ्यायचं यावर रोज मीटिंग. चालवणाऱ्याचं मत घ्यायचं म्हणून मीही. एक विक्रेता उंच कॉलम, म्हणजे उभं नळकांडं, घेऊन आला, चित्रातच केवढा लांब! म्हणाला, छप्पर थोडं कापावं लागेल. मी म्हटलं, आभाळ किमतीत धरलंय का वेगळं पडेल? गेला बिचारा. आणि आमची इंजिनियरीणबाई म्हणते, भोवरा घ्या. म्हणजे एक पिंप, असं गरागरा फिरतं की जड ते कडेला फेकलं जातं, हलकं मधे राहतं, चुटकीसरशी दोन्ही वेगळं. ही इंजिनियरीण म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी बरं का! हिला मी खांद्यावर बसवून हिंडवलंय, आणि ही मला मीटिंगमधे 'सीनियर ऑपरेटर' म्हणते. घरी मामा, टेबलाशी सीनियर ऑपरेटर! तिचं म्हणणं, रस आंबट करूनच घुसळावा लागतो, आणि आंबटात औषध टिकत नाही — टाकीत थर बसेपर्यंत निम्मं मरतं. खरंय ते. मी कबूल करणार नाही, पण खरंय. भोवऱ्याची चाचणी होती ना, त्या दिवशी मी नमुन्यात हळूच कपडे धुवायची पावडर टाकली. मेल्याचे थर वेगळे होऊ नयेत म्हणून! दुधासारखं झालं सगळं. आणि त्या नालायक पिंपानं तेही वेगळं करून दाखवलं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करता?

पण मी हटलो नाही. भोवऱ्याला खिडकी नाही, हो! आत काय चाललंय दिसत नाही, बिघडला की नुसता बोंब मारतो. असल्या आंधळ्या यंत्रावर भरवसा? काल मोठे साहेब जवळजवळ माझ्या बाजूला वळले होते, म्हणाले, टाक्या स्वस्त, टाक्याच घेऊ. तर ही कार्टी काय म्हणते — टाक्या घ्यायच्या तर काचेपाशी बसणाऱ्याचे डोळे तपासून घ्या, भोवऱ्याला ती गरज नाही. भर मीटिंगमधे! मामाच्या डोळ्यांवर! मी मूठ आपटली — तपासा, उद्याच तपासा! टाक्या की भोवरा, आज दुपारी निकाल आहे. तेव्हा लवकर आटपा आणि लिहा, नजर घारीची.

बरं बाबा, वाचतो. प, र, ल, म, ट, न. खालची ओळ — ग, व, द, ज, स. झालं? एका दमात!

काय? तक्ता बदललात? कधी? तो बॉयलरवाला माझ्या आधी आत होता, तोच तक्ता तर — अहो, तो केवढ्यानं वाचत होता, दाराबाहेर चहावाल्यालाही पाठ झाला असेल. बरं. हा नवा होय. थांबा. असं मान तिरकी केली की — कड दिसते हो. कड चांगली दिसते. सरळ बघितलं की मधलंच तेवढं जातं. डाग आहे एक, जिथं बघीन तिथं येऊन बसतो, जावयासारखा.

मग रेघ कशी बघतो? गोटीवरून. लिंबाएवढी लाल गोटी सोडलीय कुणीतरी टाकीत, बरोब्बर रेघेवर तरंगते — रसापेक्षा हलकी, सॉल्व्हंटपेक्षा जड. तिरकं बघितलं तरी लालभडक दिसते. मला वाटलं, माझ्यासारखाच कुणी चेष्टेखोर. पण तशी गोटी जमवायची म्हणजे वजन किती मोजूनमापून — ते आमच्यातल्या कुणाला येतंय? ते तर फक्त...

...

डॉक्टर, तो दिवा बंद करा, डोळ्यांत पाणी येतं त्यानं.

काही लिहू नका. माघार? मी? छट्! मी मत बदलत नाही, भोवरा मूर्खच आहे. आत्ता जाऊन साहेबांना तेच सांगतो — इतका मूर्ख आहे की आंधळाही चालवील, तेव्हा आणाच! आणि भाची आली कधी इथं, तर मी आलो होतो एवढंच सांगा. तिला कळलं होतं, हे मला कळलंय — हे तिला कळता कामा नये. नाहीतर डोक्यावर बसेल, आधी खांद्यावर होतीच.

बोलवा पुढच्याला. आणि तक्ता पुन्हा बदला, मी जाताजाता त्याला सांगणार आहे.